एकतीस बेडूक आणि आपली पुढची खोली

भोकरदन,
श्रावण वद्य पक्ष, शके १९०१
(टपाल खात्याच्या माहितीसाठी : ऑगस्ट १९७९)

आदरणीय गजाननराव यांस गिरिधरचा नमस्कार.

(तीर्थरूप लिहावं तर आपण माझ्याहून तीन वर्षांनी लहान, चिरंजीव लिहावं तर आपण सौ. रमाचे थोरले बंधू. लग्न झाल्यापासून हा मायना मला अडवतो आहे. तेव्हा वरचा आदर वयाचा न धरता नात्याचा धरावा.) आपली प्रकृती कशी आहे? सौ. कौसल्यावहिनींचे गुडघे जिना चढू देतात का? आणि आपल्या पुढच्या खोलीत दिवाळीला जो नवा कोच आला, ज्यावर पाहुण्यांना बसू देण्याआधी आपण त्यांच्या धोतराकडे एकदा पाहून घेता, तो कसा आहे? त्याचीही खुशाली कळवावी. मी विनाकारण विचारत नाही. इकडे सर्व कुशल आहे, आणि हे वाक्य दरवर्षी सवयीने लिहीत असलो तरी यंदा पुराव्यानिशी लिहितो आहे.

पुरावा कोणता ते सांगण्याआधी पूर्वपीठिका सांगतो. मंगलाचरणाशिवाय ग्रंथाला हात घालायचा नाही असं ज्या पाठशाळेत शिकलो, तिथे गुरुजींची छडी फार लांब होती, त्यामुळे ती सवय अजून जात नाही. आपण मात्र घाईचे गृहस्थ, कचेरीतल्या फायलीसारखं पत्रही शेवटच्या पानापासून वाचता. या खेपेस तसं करू नये. शेवटच्या पानावर आपलं काम आहे.

गेल्या वर्षी याच महिन्यात आपलं कार्ड आलं होतं. ‘मेडिकलची यादी पाहिली. नीलाचं नाव नाही. चार गुणांनी गेलं. ईश्वरेच्छा.’ सरकारने बारावी नावाची नवी इयत्ता काढली, तिच्या पहिल्याच खेपेत आमची मुलगी सापडली. जालन्याच्या कॉलेजात मास्तरांनाही नक्की काय शिकवायचं ते दिवाळीनंतर कळलं. एवढं असून चारच गुणांनी हुकली याचा मी मनातल्या मनात अभिमान धरून होतो, तोच रविवारच्या एस.टी.ने आपण स्वतः उतरलात. खिशात फोटो होता. परभणीचे कोणी ओव्हरसियर, स्कूटरला टेकून उभे. (स्कूटर मित्राची होती हे वहिनींनी रमाच्या कानात सांगितलं. आपण सांगितलं नाही.) त्या दिवशी आपण जे भाषण केलंत ते माझ्या शाळेत पंधरा ऑगस्टला कोणी केलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. मुलाचं वर्ष वाया गेलं तर वर्षच जातं, मुलीचं गेलं तर स्थळं जातात. घरी बसून वर्षभर करणार काय? पुन्हा परीक्षेला बसली आणि गुण आणखी कमी पडले तर तोंड कुठे दाखवायचं? शेवटी रमाने चहाचा तिसरा कप आपल्यापुढे ठेवला आणि ठराव झाला. एक वर्ष. पुढच्या श्रावणात यादीत नाव आलं नाही, तर मुकाट्याने परभणी. नीला दारात उभी होती. तिने मान हलवली, आणि तिच्या आयुष्याचा सौदा माझ्या बैठकीत, माझ्याच चहावर, मला फारसं न विचारता पक्का झाला. उठता उठता, रागाच्या भरात की विनोदाच्या ते मला ठरवता आलं नाही, आपण आणखी एक वाक्य बोललात. ते मी त्याच दिवशी तारखेसह दैनंदिनीत टिपून ठेवलं आहे. त्याची पाळी पुढे येईल.

आपण गेल्यावर मी नीलाला विचारलं की गुण नेमके कुठे गेले. मला वाटलं होतं रसायनशास्त्रात, कारण ते विषयाच्या नावातच उघड अवघड दिसतं. ती म्हणाली, बाबा, मला बेडकानं पाडलं. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत बेडूक चिरायचा असतो. क्लोरोफॉर्म देऊन त्याला मेणाच्या ताटात टाचण्यांनी उताणा लावतात आणि पोट उघडतात. हिने उघडलं, तर आत काळीज अजून हलत होतं. हिचा हात थांबला तो थांबलाच. अकरा गुण त्या ताटात राहिले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली की मला वर्षभर बेडकासमोर उभं करा, मग बघू.

आता विचार करा. ज्या घरात मुंगीच्या वारुळाला साखर घालतात, ज्या घरी कांदासुद्धा चातुर्मास संपेपर्यंत दाराबाहेर थांबतो, त्या घरी बेडूक. मी शाळेतले विज्ञानाचे शिक्षक तातेराव सरांकडे गेलो. (आपण त्यांना पाहिलं आहे. रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, आणि शाळेत एकटे तेच वेळेवर येतात.) मी आपला युक्तिवाद त्यांना जसाच्या तसा ऐकवला, जणू माझाच आहे अशा आवाजात, की बुवा मुलीचं वर्ष वाया जातंय. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि शांतपणे म्हणाले, “सर, शिकायला लागलेलं वर्ष वाया गेलं, असं आमच्या घरात अजून कुणी म्हणलं न्हाई. आई मोलमजुरीला जायची, मी दोनदा मधीच शाळा सोडली, दोनदा परत गेलो. तुम्ही तर एकाच वर्षाचं बोलून राह्यले.” त्यांनी शाळेतलं मेणाचं ताट, चिमटे आणि क्लोरोफॉर्मची बाटली हेडमास्तरांच्या परवानगीने वर्षभर देऊ केली, आणि रोज संध्याकाळी तासभर स्वतःलाही.

राहिला प्रश्न जागेचा. घरात चिरायला माझी हरकत नव्हती, क्लोरोफॉर्मच्या वासाला माझ्या नाकाची होती. शेजारच्या तुळजाबाईंचा गोठा मोठा, दोन म्हशी आणि एक हौद, आणि हौदात बेडूक इतके की त्यांच्यासाठीच बांधला असावा. नीलाने जाऊन विचारलं. तुळजाबाईंनी कमरेवर हात ठेवून साफ नाही म्हटलं. म्हणाल्या, “बेडूक पावसाचा असतो, पोरी. तू त्याला मारून राह्यली तर पाऊस रुसंल. बहात्तर साली काय झाल्तं ते इसरली का?” गोठ्याचं दार बंद झालं. दोन दिवसांनी त्या स्वतःच आल्या आणि अट घालून गेल्या. प्रत्येक बेडकासाठी मास्तरांनी संस्कृतात काहीतरी म्हणायचं, म्हणजे तो रीतसर जाईल आणि पावसाकडे तक्रार करणार नाही.

गजाननराव, मी काव्यतीर्थ परीक्षा उत्तीर्ण झालेला मनुष्य. आजवर मंगलाष्टकं रचली, निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांसाठी मानपत्रं रचली, एकदा तर पंचायत समितीच्या सभापतींवर पाच श्लोक रचून त्यांतल्या चारांचा अर्थ त्यांना कळणार नाही अशी व्यवस्थाही केली. पण मृत मंडूकाच्या सद्गतीसाठी आमच्या परंपरेत तरतूद आढळेना. आणि खोटा मंत्र म्हणायला जीभ वळेना. तेव्हा मी एक युक्ती केली, जिच्याबद्दल पुढल्या पिढ्या मला मान देतील असा माझा कयास आहे. नीलाचं जीवशास्त्राचं पुस्तक घेतलं आणि बेडकाची सगळी शरीररचना आठ अनुष्टुभांत बांधली. तुळजाबाईंना सद्गती, नीलाला उजळणी. नमुन्यादाखल एक ओळ देतो : ‘त्रिकोष्ठं हृदयं तस्य मण्डूकस्येति निश्चितम्’. बेडकाच्या काळजाला तीन कप्पे असतात, हे निश्चित आहे. (‘निश्चित आहे’ हे वृत्त भरण्यासाठी घातलं. पण विज्ञानालाही अधूनमधून खात्री दिलेली बरी.) चिरण्याच्या दिवशी संध्याकाळी आत नीला आणि तातेराव सर ताटाशी, रमा कंदील धरून, आणि मी गोठ्याच्या दारात पूर्वेकडे तोंड करून उभा. पूर्वेचा आग्रह माझा होता. विधी म्हटला की दिशा लागतेच. मी एक चरण म्हणायचा, नीलाने आतून दोनदा म्हणायचा, आमच्या पाठशाळेत संथा देत तशीच. हात चालू, तोंड चालू. तुळजाबाई पदर घेऊन, हात जोडून ऐकत. यकृत आलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

(पहिल्या दिवशी मी ताटाशेजारीच उभा राहिलो होतो. पण मला एकाएकी शाळेच्या वेळापत्रकाची आठवण झाली आणि त्याचा विचार मी तिथेच गोठ्यात, थोडा आडवा होऊन केला. ते असो.)

आठवडाभर हे सुरळीत चाललं. मग तातेराव सरांनी मला बाजूला घेतलं. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या श्लोकात मी बेडकाला बारा जोड्या दिल्या होत्या. बेडकाला दहाच असतात, बारा माणसाला. मी म्हटलं, ‘दश’ वृत्तात बसेना, ‘द्वादश’ अगदी चपखल बसला. सर म्हणाले, बसला खरा, पण बेडकाला नाही बसला. वीस वर्षं संस्कृत शिकवताना मला असं कोणी बोललं नव्हतं. मी तीन दिवस खपून चरण बदलला. पण तोवर तुळजाबाईंना जुना पाठ झाला होता, आणि नवा ऐकल्यावर त्यांनी मला मध्येच थांबवलं. मास्तर, दोन कमी का केल्या? मी चूक कबूल केली. त्यांना ती पटली नाही. त्या म्हणाल्या, “दोन नसा जास्तीच्या गेल्या तर त्याचं काय बिघडून राह्यलं? मेलेल्याच्या वाट्याचं कमी करू नये.” तेव्हापासून गोठ्यात दोन पाठ चालू होते. आत दहा, हौदाजवळ बारा.

भोकरदनला वर्षभर काय काय बोललं गेलं ते आपणास कळवत बसत नाही, निम्मं आपल्याच कानावर आलं असेल. मुलगी घरी बसली म्हटल्यावर लोकांनी आधी तब्येत विचारली, मग पत्रिका. एक गृहस्थ तर बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात मला म्हणाले की मंगळ असेल तर शांत करून घ्या. मी म्हटलं, मंगळ नाही, मंडूक आहे, आणि त्याची शांत रोज संध्याकाळी चालूच आहे. आपल्या परभणीच्या ओव्हरसियरांनी वर्षभर थांबण्याचं वचन दिलं होतं, त्यांनी मार्गशीर्षात जिंतूरला लग्न केलं, त्याचीही पत्रिका आली. नीलाने ती पुस्तकात खूण म्हणून वापरली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हिचा हात आता थांबणार नाही. आणि खरोखर, थंडीत बेडूक मिळेनासे झाले तेव्हा तुळजाबाई स्वतः जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन हौदाच्या तळाशी उतरल्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, आमच्या नीलाची परीक्षा आहे.

परीक्षेच्या दिवशी मी जालन्याला बरोबर गेलो, पण बाहेर थांबलो. आतला वृत्तांत तिथल्या प्रयोगशाळेच्या परिचराने तातेराव सरांना सांगितला आणि त्यांनी मला. बेडूक नशिबी आला तो हिरवा, दांडगा. हिने त्याला निवांत उघडलं. हिच्या शेजारची मुलगी काळीज हलताना पाहून पांढरी पडली. नीलाने चिमटा खाली ठेवला, तिला जमिनीवर निजवलं, पाय वर धरले, शुद्ध आल्यावर पाणी दिलं, हात धुतले आणि पुन्हा आपल्या बेडकाकडे वळली. बाहेरगावचे परीक्षक हे सगळं चष्म्यावरून पाहत होते. त्यांनी विचारलं, आजवर किती चिरलेस?

“एकतीस, सर.”

“कॉलेजात?”

“न्हाई सर. तुळजाबाईंच्या गोठ्यात.”

(‘न्हाई’ म्हणाली हो. संस्कृतच्या शिक्षकाची मुलगी. म्हशींच्या संगतीत वर्ष काढल्याचा परिणाम.) परीक्षकांनी मग नसा विचारल्या. तिने दहा सांगितल्या, एकेक टाचणीच्या टोकाने दाखवून. मी बाहेर लिंबाखाली उभा राहून बारा पुटपुटत होतो, कारण घाबरलं की मला जुनाच पाठ येतो.

आता बातमी. गेल्या मंगळवारी मी पहिल्या एस.टी.ने औरंगाबादला गेलो. मेडिकल कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली होती, तिच्यापुढे पन्नास बाप. मी खालून वर वाचायला सुरुवात केली, म्हणजे निराशा झाली तर लवकर व्हावी. खालची वीस नावं संपली, मी घामाने भिजलो. चाळीस संपली, माझी आशा संपली. पन्नास बापांच्या मागे जाऊन उभा राहिलो. मग आठवलं की वरचा भाग वाचायचाच राहिला. वरून सतराव्या क्रमांकावर नीला गिरिधर. सतराव्या, गजाननराव. गेल्या साली चार गुणांनी बाहेर होती ती यंदा सतरावी. मी ते नाव तीनदा वाचलं, एकदा उघड, एकदा मनात आणि एकदा शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मोठ्याने. त्यांनी माझा खांदा थोपटला. त्यांच्या मुलाचं नाव नव्हतं. मी त्यांना बाजूच्या हॉटेलात चहा पाजला आणि सांगितलं की एक वर्ष द्या, फक्त एक वर्ष, आणि जवळपास हौद आहे का ते पाहा.

आपलं घर तिथून दहा मिनिटांवर. मी आलो नाही याचं आपणास वाईट वाटलं असेल. पण त्या क्षणी आलो असतो तर आनंदाच्या भरात आपणास क्षमा करून टाकली असती, आणि हे पत्र लिहायचं राहून गेलं असतं.

संध्याकाळी भोकरदनच्या स्टँडवर उतरलो तर तातेराव सर सायकल धरून उभे होते. मी बोटं वर करून एक आणि सात दाखवलं. त्यांनी सायकल सोडून दिली, ती पडली, आणि इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता त्यांनी मला मिठी मारली. घरी रमाने माझं तोंड पाहिलं आणि आत जाऊन देवापुढे बसली. तुळजाबाईंनी म्हशीच्या पहिल्या धारेचा खरवस पाठवला. प्रवेशाच्या अर्जात ‘मधल्या वर्षात काय केले’ असा रकाना होता. मी ‘घरी राहून स्वाध्याय’ असं सुचवलं. नीलाने ते लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात कंसात ‘एकतीस’. मी ते खोडायला लावलं नाही.

तर इकडे असा सुकाळ आहे. आपणही सुखात असावं, रक्तदाब जपावा, आणि कोणा मुलीचं वर्ष वाया जात असल्याचं दिसल्यास तिला आमचा पत्ता द्यावा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गिरिधर

ता. क. : आपलं ते वाक्य. दैनंदिनीतून उतरवून घेतो : ‘हिला मेडिकल मिळालं तर माझी पुढची खोली पाच वर्षं हिची, लिहून ठेवा.’ आपण लिहून ठेवा म्हणालात, मी ठेवलं. वसतिगृहात जागा नाही असं कळतं. नीला पुढच्या सोमवारी दुपारच्या गाडीने येते आहे. आपणास त्रास नको म्हणून वहिनींना आधीच कार्ड टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं आहे, कोच आतल्या खोलीत गेला.

ता. क. दुसरा : तिच्याबरोबर एक लाकडी खोकं असेल. वरच्या वर्गातल्या एका मुलीने दिलेली हाडं आहेत त्यात, कुणा अनोळखी सज्जनाची डावी बाजू. अभ्यासाला लागतात. देवघराच्या भिंतीला लागून ठेवू नये एवढंच. त्या सज्जनासाठी काही म्हणायचं असल्यास माझ्याकडे आता माणसाचंही अष्टक तयार आहे. यात बारा बरोबर आहेत, तातेराव सरांनी तपासून दिलं.

ता. क. तिसरा : हे पत्र घरात मोठ्याने वाचलं गेलं आणि एक दुरुस्ती केल्याशिवाय पाकीट बंद करू देणार नाही असं आपल्या भगिनींचं म्हणणं पडलं. त्यांच्या आग्रहावरून लिहितो. वेळापत्रकाची आठवण वगैरे काही झाली नव्हती. काळीज हलताना दिसलं आणि मी आडवा झालो, शुद्धीवर आलो तेव्हा तोंडावर म्हैस श्वास सोडत होती. नीलाने बेडूक तसाच टाकून माझे पाय वर धरले होते. पाय कसे धरायचे ते ती परीक्षेच्या आधी माझ्यावर शिकली. पूर्वेकडे तोंड करण्याचं कारणही विधीचं नव्हतं. ताट पश्चिमेला होतं. आणि श्लोकांबद्दल नीलाचं म्हणणं असं, की ते तिला फार उपयोगी पडले, कारण मी म्हणत असेपर्यंत मी उभा आहे हे तिला कळत होतं आणि तिला मागे वळून पाहावं लागत नव्हतं.

तेव्हा सोमवारी तिला पोचवायला मीही येतो आहे. खोली पूर्ण रिकामी केली असेल तर दाराजवळ एक खुर्ची तेवढी राहू द्यावी, पूर्वेकडे तोंड करून. खोकं उघडताना मला बसायला लागेल.